रुळाची भेग दिसते, मुळाची कूज दिसत नाही?

बस. चहा नंतर. आधी ऐक. मधे बोलायचं नाही, कारण तू काय बोलणार ते मला पाठ आहे. शिफ्ट होती. माळी पळाला. ऊन फार पडलं. पाऊस फार झाला. रोपंच खराब निघाली. संपली यादी? आता माझी ऐक.

तान्ह्या पोळ्याला तुझ्या वावरात जाऊन आलो. मुद्दाम न सांगता गेलो. धमध्याच्या रस्त्यावर बसमधून उतरलो आणि बांधाबांधाने चालत आत शिरलो. शंभर झाडं लावली होतीस ना ॲव्होकॅडोची? एकेक मोजलं. एकतीस वाळून काटकी झालीत. आणखी वीस-बावीस त्याच वाटेला लागलीत. शेंड्याकडून फांद्या वाळत आलेल्या, पानं बारकी, पिवळट, मान टाकलेली. आणि तुझा चौकीदार काय करत होता? त्याच झाडांचं ठिबक चालू करून बसला होता! म्हणाला, आठ दिवस पावसाने उघडीप दिली, साहेबांनी फोनवर सांगितलं, पानं लोंबली की पाणी सोड.

साहेबांनी. फोनवर.

मी त्याच्याकडून खुरपं घेतलं. खोडापासून हातभर दूर, वीतभर खोल उकरलं. माती दाबली की बोटांमधून पाणी निघत होतं. या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच असतात, वरच्या थरात, पालापाचोळ्याखाली. पाताळातून पाणी ओढणारं झाड नव्हे हे. निरोगी मूळ दुधी असतं, लवचिक असतं. तुझ्या झाडाखाली ती शोधूनही सापडेनात. जी सापडली ती काळी. चिमटीत धरली तर जळक्या काडीसारखी मोडली.

झाडाला तहान लागली नव्हती रे. त्याचं पिणारं तोंडच सडलं होतं. आणि तू वरून पाणी ओतत होतास. वर माती ओली, खाली मूळ काळं आणि पानं मात्र सुकलेली, हे दिसल्यावर शाळकरी पोरालाही प्रश्न पडला असता. तुला का नाही पडला?

पडला नाही असं म्हणू नकोस. तू रेल मिलमध्ये तपासणीवर आहेस. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात केसाएवढी भेग आहे का, हे अल्ट्रासोनिक लावून बघतोस. एकशे तीस मीटरचा अखंड रूळ तुमच्याकडून बाहेर पडतो आणि त्याच्यावरून माणसांनी भरलेली गाडी जाते. तिथे तू कधी म्हणालास का, की वरून तर बरा दिसतोय, जाऊ दे? एखादं बेअरिंग नेहमीपेक्षा जरा जास्त तापलं तर लॉगबुकात नोंद होते, पुढच्या शिफ्टला निरोप जातो. बागेचं लॉगबुक कुठे आहे? पहिलं झाड कधी वाळलं? कुठल्या कोपऱ्यातलं? उताराच्या खालच्या की वरच्या? सांग. तारीख सोड, महिना सांग.

नाही ना माहीत?

मला माहीत आहे. चौकीदाराने सांगितलं. पहिलं झाड गेलं ते मागच्या श्रावणात, नाल्याकडच्या कोपऱ्यात. मग त्याच्या शेजारचं. मग पाण्याच्या वाटेने ओळीने. रोग कुठून कुठे चालला हे जमिनीवर रेघ मारल्यासारखं दिसत होतं. तू काय केलंस? मेलेलं झाड उपटलंस, त्याच खड्ड्यात त्याच मातीत नवं रोप दाबलंस आणि तेच फावडं, धुतल्याशिवाय, पुढच्या आळ्यात घातलंस. म्हणजे आजार एका घरात होता, तो तू हाताने दारोदार पोचवलास.

त्या आजाराचं नाव फायटोफ्थोरा सिनॅमोमी. 1922 साली सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर त्याची पहिली नोंद झाली, म्हणून नावात सिनॅमोमी. दालचिनी, तमालपत्र आणि हे तुझं बटर फ्रूट एकाच कुळातले. आपण त्याला सवयीने बुरशी म्हणतो, पण त्याचं खरं गणगोत शैवालाकडचं. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात. अकरावीत शैवालाच्या चलबीजाणूंची आकृती फळ्यावर काढायला मी कुणाला बोलावलं होतं? तुला. वर्गात सगळ्यात सुबक तुझीच यायची. पोहणाऱ्या जिवाला काय लागतं, असं विचारलं होतं, तेव्हा बाकावरून उठून काय म्हणाला होतास? पाणी, सर. बरोबर. पाणी. मातीच्या कणांमध्ये उभं राहिलेलं पाणी. मग तीस वर्षांनी त्याच जिवासाठी तलाव बांधून दिलास, तो कसा?

हो, तलावच. कारण बाग लावलीस कुठे? कन्हारात. खालच्या अंगाच्या काळ्या कन्हारात, जिथे पन्नास वर्षं धानाची बांधी होती. बांधी म्हणजे काय? पाणी अडवायला माणसाने मुद्दाम घडवलेली जमीन. पायाखाली चिखलणी करून करून घट्ट झालेला थर, चारी बाजूंनी मेढ. शेजाऱ्याच्या बांधीत बियासीचं, म्हणजे उभ्या धानात नांगर फिरवायचं पाणी उभं असतं, ते पाझरून तुझ्याकडे येतं. आणि वरच्या अंगाला तुझाच मटासीचा उंचवटा पडून आहे, तिथे तू गाडी लावतोस! इथला कुठलाही अंगठेबहाद्दर शेतकरी तुला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार या चारही माती डोळे मिटून पायाने ओळखून दाखवेल. त्यांच्यापैकी एकाला विचारलंस? तुला म्हणे काळी माती कसदार वाटली. कसदार आहेच. धानाला. हरभऱ्याला. ज्याच्या मुळांना दोन दिवसही साचलेलं पाणी सोसत नाही, त्याला ती विहीर आहे.

मी तेव्हाच म्हणालो होतो. याच ओट्यावर. म्हणालो होतो की हे कोडगूचं, निलगिरीचं, वायनाडचं, सिक्कीमचं झाड. आपल्याकडे नवतप्याच्या नऊ दिवसांत पारा पंचेचाळीसला टेकतो. लावायचंच असेल तर दहा झाडं लाव, उंचवट्यावर लाव, तीन वर्षं बघ. कोडगूत चेट्टळ्ळीला केंद्र आहे, त्यांनी अर्का सुप्रीम, अर्का कूर्ग रवी असे वाण काढलेत, त्यांना एक पत्र टाक. उष्ण सखल भागात वेस्ट इंडियन वंशाची झाडं तगतात, त्यांची चौकशी कर. तू मान डोलावलीस. आणि पुढच्या महिन्यात ट्रक भरून हास वाणाची रोपं आणलीस, कारण तू बघितलेल्या व्हिडिओत हास होता. खुंट कोणता, हे विचारलंस? जगात या एका रोगापायी माणसांनी आयुष्यं घालवून ड्यूक सेव्हन, डुसा असे तग धरणारे खुंट शोधले. तू रोपवाल्याला एकच प्रश्न विचारलास, शंभर घेतले तर किती कमी करणार?

रोपवाल्याला शिव्या द्यायला आता तुझी जीभ चुरूचुरू चालते. असेल त्याचीही चूक. काळ्या पिशवीतल्या मातीतून रोग येतो, हे खरं. पण शंभरातली एक पिशवी फाडून मुळं बघायला किती वेळ लागतो? तुमच्या गेटातून कच्चा माल नमुना न तपासता आत घेता का? मग?

आणि नोकरीचं कारण मला सांगू नकोस. ज्या हासचं नाव घेऊन तू मित्रांत मिरवतोस, तो रुडॉल्फ हास कोण होता? टपालवाला. कॅलिफोर्नियात घरोघर पत्रं टाकून उरलेल्या वेळात ला हाब्रा हाइट्सच्या आपल्या बागेत झाडं बघायचा. 1926 ला लावलेल्या एका रोपावर त्याने लक्ष ठेवलं, 1935 ला त्याचं पेटंट घेतलं, आणि आज जगभर विकलं जाणारं हास त्या एका झाडाच्या कलमांवरचं आहे. नोकरी त्यालाही होती. फरक इतकाच की तो झाडाजवळ जाऊन बघायचा. आणि ती आद्य माता कशाने गेली ठाऊक आहे? याच मूळकुजीने. सगळे उपाय करून वर्षानुवर्षं झुंजवली, शेवटी 2002 च्या सप्टेंबरात तोडावी लागली. शहात्तर वर्षं जगली. तुझी तीनही पूर्ण करेनात.

तू म्हणशील, सर, तुमचं काय जातं? माझं काय जातं ते सांगतो. तुला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. आठ-नऊ वर्षांची, भरात आलेली. खोडातून डिंक यायला लागला. मधासारखा, उन्हात चमकणारा. आम्ही पोरं तो काढून खेळायचो. वडील म्हणायचे, झाड रसरशीत आहे, उतू जातंय. शेजारी म्हणाले, डिंक्या आहे. वडिलांनी ऐकलं नाही. आळं खोडापर्यंत भरून पाणी द्यायचे, कलमाचा डोळा मातीखाली गाडलेला. पाच वर्षांत अर्धी बाग सरपणाला गेली. तो डिंक्या म्हणजे या तुझ्या मूळकुजीचा सख्खा भाऊ, फायटोफ्थोराच, जात वेगळी. पुढे नागपूरला लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था उभी राहिली, 1985 मध्ये. तिथली माणसं सांगायला लागली की दुहेरी आळं करा, खोडाला पाणी लागू देऊ नका, डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा. वडिलांना हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. त्यांना माफी आहे. तुला कुठली माफी? तुझ्या खिशात फोन आहे, रायपूरला कृषी विद्यापीठ आहे, दुर्गला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि ओट्यावर हा म्हातारा बसलाय. तुला अज्ञान परवडतच नाही. तू जे करतोयस त्याला टाळाटाळ म्हणतात.

बोर्डोवरून आठवलं. तुझ्या शेडमध्ये डोकावलो. कोपऱ्यात लोखंडी ड्रम, आत निळं पाणी, कडेला लाल थर. लोखंडात मोरचूद! अरे, पोलादाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला माणूस तू. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड घातलं की तांबं लोखंडावर बसतं, हे तुला मी सांगायचं? शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. घासून लखलखीत केलेलं चाकूचं पातं मिनिटभर बुडवायचं. लाली चढली तर चुना कमी पडला, अजून घाल. केलं त्या दिवशी संपवायचं. हे 1885 पासून जगाला ठाऊक आहे. तुझं मिश्रण किती दिवसांचं होतं? चौकीदार म्हणाला, गणपतीला पुन्हा वापरू म्हणून ठेवलंय.

शेजारच्या फळीवर तर जत्राच भरली होती. दोन कीटकनाशकं, तीन बुरशीनाशकं, दोन टॉनिकं, एक चिकटवणारं. सगळं एका पंपात, रविवारी, एका दमात. पहिली दोन वर्षं तू माझ्याशी सेंद्रिय म्हणून वाद घालत होतास. शेणखताची एक टोपली न टाकता सेंद्रिय, बोर्डोला हात न लावता सेंद्रिय. ते सेंद्रिय नव्हतं, ते काहीच न करणं होतं, त्याला चांगलं नाव दिलं होतंस. आणि झाडं मरायला लागल्यावर घाबरून दिसेल ती बाटली ओतलीस. मोहोरावरसुद्धा ओतलीस, हो की नाही? या झाडाचं एकेक फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मिटतं, मग नर म्हणून. पराग एकीकडून दुसरीकडे नेणार कोण? मधमाशी. तिलाच मारलंस आणि आता विचारतोस, फळधारणा का नाही?

फवारलंस तरी कशावर, हे तरी माहीत होतं? पिठ्या ढेकूण खोडाच्या बेचक्यात कापसासारखा बसलाय आणि मुंगळ्यांची रांग वरखाली चालू आहे. त्यांना गोड चिकटा मिळतो म्हणून ते त्याची राखण करतात, त्याला खाणारे मित्रकीटक हुसकून लावतात. मुंगळ्यांची वाट तोडली तर निम्मं काम होतं. खोडाला एक चिकट पट्टा बांधायचा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या. चार पैशांचं काम. पण ते गुडघे टेकून करावं लागतं आणि त्याचा फोटो बरा येत नाही. दक्षिणेकडच्या तीन झाडांची साल नवतप्याच्या उन्हाने फाटली आहे. त्या फटीत अळीने भुसा पाडलाय, उधई वर चढली आहे. चैत्रात खोडांना चुना फासला असता तर? एक डबा चुना आणि अर्धा दिवस. तुझ्या घराला दर दिवाळीला रंग लागतो.

मागच्या महिन्यात मला चार फळं आणून दिली होतीस. मोठ्या कौतुकाने. हिरवीगार, डाग नाही. पिकायला ठेवली, मऊ पडली आणि देठाकडून काळी पडत गेली, कापली तर आत तपकिरी. तुला म्हणालो तर म्हणतोस, पेटीत दाब बसला असेल. दाब? करप्याची बुरशी कोवळ्या फळात शिरते आणि फळ पिकेपर्यंत सालीत गप्प बसते. वरून काही दिसत नाही. पोटातली भेग! जी शोधायचा तुला पगार मिळतो, तीच. वाळलेल्या फांद्या आणि सुकून लटकलेली फळं झाडावर तशीच ठेवलीस, त्यांच्यावरून प्रत्येक पावसाच्या थेंबाबरोबर ती खाली उतरली. छाटणीची कात्री होती की नाही घरात?

तू आळशी आहेस असं मी म्हणत नाही. आळशी माणूस रात्रपाळी करून सकाळी पोराला शिकवणीला सोडत नाही. तू घाबरतोस. मूळ उकरून बघितलं तर कळेल की जागा चुकली, आणि जागा चुकली हे कळलं तर तीन वर्षं आणि साठवलेला पैसा चुकला हे कबूल करावं लागेल. बायकोपुढे, मेहुण्यापुढे, शिफ्टमधल्या लोकांपुढे. म्हणून बांधावरूनच बघायचं. बांधावरून सगळी झाडं हिरवी दिसतात. बरोबर आहे का मी? खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ.

आता काय होईल ते ऐक. खालच्या पट्ट्यातली मेलेली झाडं मुळांसकट काढायची आणि तिथेच जाळायची, ओढत बागेतून न्यायची नाहीत. त्या जागी पुन्हा ॲव्होकॅडो लावायचं नाव काढायचं नाही. हा जीव मातीत वर्षानुवर्षं तग धरतो. तिथे पुन्हा धान घे, मागे हरभरा. लाज वाटायचं कारण नाही, ती जमीन त्याचीच आहे. मधली जी मान टाकलेली आहेत, त्यांचं ठिबक आज बंद. नाल्याकडे कमरेएवढा चर. शेजाऱ्याच्या बांधीकडूनही चर, त्याच्याशी बोलून, भांडून नव्हे. ज्यांची थोडी तरी पांढरी मुळं शिल्लक आहेत, ती वाचू शकतात. दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात फॉस्फोनेट खोडात टोचून मरणपंथाला लागलेल्या बागा उठवल्या होत्या. पण ते औषध उरलेल्या मुळांना बळ देतं, नसलेली मुळं उगवत नाही. किती, कधी, कसं द्यायचं ते दुर्गच्या केंद्रात मूळ आणि मातीचा नमुना दाखवून विचार, दुकानदाराला नको. त्याला बाटली विकायची आहे.

उरलेल्या प्रत्येक झाडाखाली आच्छादन. तणस तुझ्याकडे ढीगभर पडलीय, ती विकायला काढलीस म्हणे! तणस, फांद्यांचा चुरा, कुजलेलं खत, चांगलं वीतभर जाड, खोडापासून हातभर लांब. त्या कुजणाऱ्या थरात असे सूक्ष्मजीव वाढतात की ते फायटोफ्थोराला पुरून उरतात. क्वीन्सलँडमधल्या एका शेतकऱ्याची बाग याच जोरावर टिकून होती आणि शास्त्रज्ञ तिथे शिकायला गेले. मात्र तणस घातली की उधई येते, तेव्हा दर आठवड्याला हाताने उचलून बघावं लागेल. हाताने. पश्चिम ऑस्ट्रेलियात हाच रोग जंगलात शिरला, तर तिथे रानात जाणाऱ्यांना बूट घासून धुवायला लावतात. तू सेफ्टी शूज घातल्याशिवाय मिलच्या दारात पाऊल टाकत नाहीस. बागेच्या फाटकावर एक प्लास्टिकचं घमेलं, एक ब्रश आणि मोरचुदाचं पाणी ठेवायला कुणाची मंजुरी लागते?

आणि नवी दहा झाडं लावायचीच असतील, तर मटासीवर, हातभर उंच वरंब्यावर. गाडी दुसरीकडे लाव.

रविवारी सकाळी सहाला मी रस्त्यावर उभा असेन. नवी वही आण, दोनशे पानी, झाडांना एक ते शंभर नंबर घालायचे आहेत, मेलेल्यांनासुद्धा. खुरपं मी आणतो. तुझं फावडं फाटकाबाहेरच ठेव, आधी ते धुऊ. फोन गाडीत राहील.

घे आता, चहा निवला. सूनबाईला म्हणावं, पुन्हा टाक.